नुसतं 💐🙏 पाठवू नका: जोडीने येणारे इमोजी कसे वाचायचे

आमच्या फॅमिली ग्रुपवर ३१ मेला एका काकांचा फोटो आला. कोट घातलेला, केस नीट विंचरलेले, आणि खाली नुसतं 💐🙏, एक शब्द नाही. पाच मिनिटांत भावपूर्ण श्रद्धांजली सुरू. ओम शांती झालं, एका आत्याने "कधी? कसं? परवाच बोलले होते" विचारलं, आणि मग खुद्द काकाच टाइप करायला लागले, "अरे मी रिटायर झालोय". फोटो त्यांच्याच जावयाने टाकला होता, हौसेने. (३१ मेला अर्धा महाराष्ट्र रिटायर होतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांची जन्मतारीख १ जून टाकलेली.) दुसऱ्या दिवशी वाढदिवस, तर काकांनी आधीच मेसेज टाकून ठेवला, "आज वाढदिवस आहे. जिवंत आहे."

त्या दिवसापासून आई कुठलाही मेसेज आला की मोबाइल माझ्यासमोर धरते, ह्याचा अर्थ काय गं? आणि मला जे कळत नाही ते मी कॉलेजातल्या भाचीला विचारते. म्हणून हे एकदा लिहूनच काढते.

आधी मूळ गोष्ट. जोडीत दुसरा इमोजी जे काम करतो ते मराठीत आपण ना, की, हं, बरं ह्या शेपटांकडून करून घेतो. "ये" म्हटलं तर हुकूम, "ये ना" म्हणजे लाडीगोडी, "ये की" म्हणजे एवढं काय त्यात, आणि "ये हं" म्हणजे विसरलास तर बघ. शब्द तोच पण शेपूट अर्थ फिरवतं. तसंच 👍 एकटा आला तर "बरं, कळलं", 👍🙏 म्हणजे मान देऊन हो, 👍😂 म्हणजे ऐकलं पण खरं वाटत नाही, 🥲👍 म्हणजे जीवावर आलंय पण करतो, आणि 👍🙂 आला तर थोडं सावध व्हा, समोरचा चिडलेला असू शकतो. इमोजी हा जपानी शब्द आहे, त्यात ए म्हणजे चित्र आणि मोजी म्हणजे अक्षर, इमोशनशी त्याचा काही संबंध नाही. मग अक्षरासारखंच वाचायचं, डावीकडून उजवीकडे, आणि शेजारी काय आलंय त्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

आता 🙏 घेऊ कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ ह्याचाच. नमस्कार, थँक्यू, सॉरी, प्लीज, श्रद्धांजली आणि "बाबा रे आता पुरे", ही सगळी कामं एकाच हातजोडीवर. ओळखायचं शेजाऱ्यावरून. 🌹🙏 सकाळी सातच्या आत आला तर सुप्रभात, उत्तर दिलं नाही तरी चालतं. 🙏🚩 म्हणजे राम कृष्ण हरी किंवा जय शिवराय, ग्रुप कुठला आहे त्यावर. 😅🙏 म्हणजे चुकलं माझं, सांभाळून घ्या. 😂🙏 आला तर मात्र तो कोपरापासून नमस्कार, म्हणजे धन्य आहात तुम्ही, आणि तो जर तुमच्या मेसेजखाली तिघांनी टाकला असेल तर विषय बदला. आणि 💐🙏 ह्या जोडीला जन्म आणि मृत्यू दोन्ही चालतात, त्यामुळे ही जोडी कधीही एकटी सोडायची नाही, सोबत एक शब्द लिहायचाच. वाढदिवस असेल तर 🎂 घाला, केकसोबत कोणी श्रद्धांजली वाहत नाही.

🙏 म्हणजे हाय फाइव्ह, दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी, असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या आणि इमोजींच्या ठरलेल्या यादीत, त्याचं नाव जोडलेले हात असंच आहे.

दुसरा घोळ हसण्या-रडण्याचा. 😂 आणि 😭, दोघांना अश्रू, दोघांचं तोंड उघडं, आणि चष्मा दुसऱ्या खोलीत राहिलाय. म्हणून मग "सकाळी ६ वाजता देवाज्ञा झाली" ह्याखाली ज्येष्ठ मंडळींचा 😂 येतो, मनापासून. खूण अशी की हसणाऱ्याचे अश्रू डोळ्यांच्या कोपऱ्यात दोनच थेंब असतात आणि दात दिसतात, रडणाऱ्याच्या गालावरून नळ सुटलेला असतो. चुकलं तर व्हॉट्सॅपवर मेसेज दाबून धरून सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, साधारण अडीच दिवसांपर्यंत, एडिट मात्र पहिली १५ मिनिटंच. त्या घरातल्यांनी बघायच्या आत केलं म्हणजे झालं.

पण ह्याच्या उलट गंमत तरुण मुलांची. ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून 😂 निवडला होता, आणि आता भाचीच्या ग्रुपमध्ये तो टाकला की मुलं म्हणतात काकू आल्या. त्यांचं हसणं म्हणजे 😭😭 किंवा 💀. मी आधी घाबरले, जोक पाठवला आणि समोरून कवटी. मग लक्षात आलं की आपणपण "हसून हसून मेले" म्हणतोच की, तेवढंच ते, फक्त चित्र काढलंय. तेव्हा विशीतल्या माणसाकडून 😭 आला तर फोन करून काय झालं बाळा विचारू नका, आधी वरचा मेसेज वाचा. आणि साठीच्या माणसाकडून आला तर मात्र नक्की फोन करा.

ह्यात मला सगळ्यात आवडतात ते आपल्या भाषेतून जन्मलेले, जे बाहेरच्या माणसाला कितीही डोकं खाजवलं तरी कळणार नाहीत. मॅच हरल्यावर किंवा मुलीने "दादा" म्हटल्यावर मित्र नुसता 🦜 टाकतात, म्हणजे पोपट झाला. 🦜😂 म्हणजे पोपट झाला आणि आम्ही बघितला. 🌶️ म्हणजे मिरची लागली, तो वादात टाकतात, आणि 🌶️🌶️😏 म्हणजे लागलीच शेवटी. 🔥💨 हे कोल्हापूर-सांगलीकडचं, जाळ अन् धूर संगटच, गाडीचा फोटो, पैलवानाचा फोटो, झणझणीत रश्श्याचं पातेलं, कशालाही चालतं. बाळाच्या फोटोखाली ❤️🧿 म्हणजे दृष्ट न लागो, मूळ तुर्कस्तानाकडचा निळा मणी पण आपल्या बायकांनी त्याला मीठ-मोहऱ्या आणि काजळाच्या तीटेच्या जागी बसवून टाकलाय. आणि 👀🍿, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून दोघं भांडत असताना तिसरा हे टाकतो, म्हणजे चालू द्या, मी बसलोय बघत. असं टाकणाऱ्याला शेवटी दोघंही मिळून बोलतात, अनुभव आहे.

निवडणुकीच्या दिवसांत तर काही टाकायची सोय नाही. ⏰ टाकलं तर घड्याळ, ✋ टाकला तर पंजा, 🪷 कमळ, 🏹 धनुष्यबाण, 🎺 तुतारी, 🚂 इंजिन. आईने मंडळाच्या ग्रुपवर "उद्या वेळेवर या ⏰🙏" लिहिलं आणि ॲडमिनने लगेच, ग्रुपवर राजकारण नको. आई बिचारी हळदीकुंकवाची वेळ सांगत होती.

🚩 बद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्यासाठी तो भगवा, वारी, गड, शिवजयंती. इंग्रजीत नेटवर वावरणाऱ्या पोरांसाठी तो रेड फ्लॅग, म्हणजे ह्या माणसापासून लांब रहा. त्यामुळे स्थळाचा फोटो आला, मुलगा गडावर उभा, आणि मामांनी कौतुकाने 🚩🚩🚩 टाकले, तर मुलीला वाटणार मामांना काहीतरी माहितीये. ग्रुप मराठी आणि वय चाळिशीच्या वर असेल तर भगवा धरा. मुलींच्या ग्रुपवर एखाद्या मुलाबद्दल बोलणं चाललं असेल तर धोक्याची खूण. मधलं काही असेल तर विचारा.

काही जोड्या पटकन सांगते. 👉👈 म्हणजे लाजणं, दोन बोटं एकमेकांना टेकवत, आपल्याकडे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतात तसं, बहुतेक वेळा पुढे काहीतरी मागणी येते ("दादा पाचशे पाठव ना 👉👈"). 👁️👄👁️ म्हणजे ऐकून थिजलो, बोलायला शब्द नाहीत. 🗿 म्हणजे चेहरा दगडाचा, तुमचा जोक पडलाय. 🤡 स्वतःबद्दल लिहिला तर मीच येडा, दुसऱ्याबद्दल लिहिला तर शिवीच समजा. 🤌 इटलीत "काय म्हणायचंय तुला?" असं विचारताना करतात, आपल्याकडे मिसळीच्या फोटोखाली येतो आणि अर्थ एकदम परफेक्ट असा असतो. 😤 आपण रागाला वापरतो, युनिकोडमध्ये त्याचं नाव विजयाचा चेहरा असं काहीतरी आहे, पण इथे कोणी तसा वाचत नाही तर सोडा. 😪 मधला थेंब अश्रू नाही, झोपेत नाकातून येणारा फुगा आहे, जपानी कार्टूनमधला. तो दुःखाला वापरू नका, वापरलात तरी कोणाला कळणार नाही हेही खरं.

आणि जिथे हसं होतं ते. वांग्याच्या भरीत पार्टीचं आमंत्रण, खानदेशी घर, थंडीचे दिवस, हौसेने लिहिलं "या सगळे शेतावर 🍆🔥💦". वांगं, चूल, तोंडाला पाणी. ग्रुपमधली सगळी तरुण मंडळी एकदम गप्प आणि मग खासगीत 💀💀. 🍆 आणि 🍑 नेटवर भाजी-फळं राहिलेली नाहीत, चावट झालीत, त्यात 💦 जोडला की विषय संपला, आणि 👉👌 हे "इथे बघा, मस्त" असं अजिबात नाही. भरीताला 🔥 पुरतो. 😉 पण ऑफिसात टाळा, मराठीत डोळा मारणं म्हणजे डोळा मारणंच.

ऑफिसच्या ग्रुपवर 👍 सुद्धा जपून. कॅनडात सस्कॅचेवानच्या एका शेतकऱ्याला जवस खरेदीच्या कराराचा फोटो मेसेजवर आला, त्याने 👍 पाठवला, त्याचं म्हणणं "मिळालं" एवढंच, पण २०२३ साली कोर्टाने ती सही धरली आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई बसली. इकडे रेल्वे सुरक्षा दलातल्या एकाने वरिष्ठाच्या हत्येच्या मेसेजला 👍 दिला आणि नोकरी गेली, मग २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने सांगितलं की अंगठा म्हणजे नुसतं "वाचलं" असंही असू शकतं. एकाच अंगठ्याला एकीकडे सही ठरवलं आणि दुसरीकडे नुसती पोच. तेव्हा पैशाच्या आणि मयताच्या मेसेजला अंगठा नको, "मेसेज मिळाला, बघून सांगतो" लिहायला चार सेकंद लागतात.

एक भानगड अशी की काही वेळा जोडी तुम्ही टाकलेलीच नसते. ❤️‍🔥 हे एकच चित्र दिसतं पण आतून ते हृदय अधिक आग असं असतं, मधे एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. नवीन फोनवर ते चिकटून दिसतं, जुन्या फोनवर सुटतं आणि समोरच्याला ❤️🔥 असे दोन वेगळे दिसतात, किंवा मग चौकोन. हेच न दिसणारं अक्षर "दर्‍या" मधला अर्धा र लिहायच्या एका पद्धतीतपण वापरतात, म्हणजे आपली दरी आणि हे जळकं हृदय एकाच गोंदाने चिकटवलंय. आईच्या जुन्या फोनवर नातेवाइकांच्या लग्नाच्या वाढदिवसाला कोणी ❤️‍🔥 टाकलं तेव्हा तिला हृदय आणि शेजारी आग दिसली, म्हणाली, भांडण झालं का गं ह्यांचं?

आणि जिथे काहीच सुचत नाही तिथे मेसेज दाबून धरा आणि नुसती रिॲक्शन द्या. २०२२ मध्ये आली तेव्हा सहाच होत्या, 👍❤️😂😮😢🙏, आजही आधी त्याच दिसतात. रिॲक्शन एकटीच असते, तिला शेजारी नाही, म्हणून घोळ कमी. फक्त 😂 आणि 😢 जवळजवळ आहेत, तेव्हा बोट टेकवण्याआधी चष्मा लावा.