अमेरिकेत नवीन आलात? पैसा आधी कुठे लावायचा

बॅग भरायला घेण्याआधी आपल्या म्युच्युअल फंडांची यादी काढा. व्हिसा लागला की प्रेशर कुकर कुठल्या बॅगेत बसेल यावर लोक आठवडा घालवतात आणि दरमहा कापल्या जाणाऱ्या एसआयपीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "राहू दे चालू, तिकडे पडून वाढतील." नवीन येणाऱ्या मराठी माणसाला यापेक्षा महाग पडणारं वाक्य नाही.

कारण असं. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या करकायद्यात 'पॅसिव्ह फॉरेन इन्व्हेस्टमेंट कंपनी' म्हणजे पीफिक ठरतो. तुम्ही इथे करासाठी 'रेसिडेंट' झालात की त्या फंडाला इथल्या फंडासारखा सवलतीचा दर मिळत नाही. नफा तुम्ही फंड धरून ठेवलेल्या सगळ्या वर्षांत समान वाटला जातो. मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या त्या वर्षीचा सर्वात वरचा दर लागतो (सध्या ३७ टक्के), तुमचा पगार कितीही असो. शिवाय तो कर इतकी वर्षं 'थकवला' म्हणून व्याज.

आकड्यांत बघा. समजा पाच वर्षांपूर्वी रेसिडेंट झालात, तेव्हाच फंड घेतला आणि आता विकून १०,००० डॉलर नफा झाला. दर वर्षाच्या वाट्याला २,०००. आधीच्या चार वर्षांचे ८,००० गुणिले ३७ टक्के म्हणजे २,९६० डॉलर, वर व्याज. चालू वर्षाच्या २,००० वर तुमचा नेहमीचा दर. तो २२ टक्के धरला तर ४४०. एकूण ३,४०० च्या पुढे. इथल्या फंडात तेवढाच नफा झाला असता तर बहुतेकांना १५ टक्क्यांनी १,५०० डॉलर फेडरल कर लागला असता. बरं, विकला नाही म्हणून सुटका नाही. वर्षअखेर सगळ्या पीफिकांची किंमत २५,००० डॉलरच्या (जोडीने विवरणपत्र भरणाऱ्यांना ५०,००० च्या) वर गेली की प्रत्येक फंडासाठी दरवर्षी वेगळा फॉर्म ८६२१ लागतो. बारा फंड, बारा फॉर्म. सीपीए (इथला परवानाधारक कर-सल्लागार) दर फॉर्ममागे फी लावतो. एका फंडातून दुसऱ्यात 'स्विच' केलं तरी ती विक्रीच.

मग करायचं काय? विमानात बसण्याआधी विकून मोकळं व्हायचं. भारतात इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १.२५ लाखांपर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, आणि बहुधा १ टक्का एक्झिट लोड (लवकर विकल्याचा आकार) ही. तरीही ते स्वस्तच पडतं. ईएलएसएसला (कर वाचवणारा इक्विटी फंड) ३ वर्षांचं आणि युलिपला (विमा अधिक गुंतवणूक) ५ वर्षांचं लॉक-इन असतं, म्हणून परदेशाचं घाटत असेल तर कर वाचवायला त्यात नवे पैसे घालू नका. कंपन्यांचे थेट घेतलेले शेअर साधारणपणे पीफिकमध्ये येत नाहीत.

आधीच येऊन बसला असाल तर रेसिडेंट नक्की कधी झालात ते तपासा. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना दिवस मोजावे लागतात: यंदाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, अधिक त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की तुम्ही रेसिडेंट. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच उतरलेल्याचे यंदाचे १८३ भरत नाहीत, त्यामुळे ३१ डिसेंबरपर्यंत विकायला वाव असतो. पण बायकोबरोबर जोडीने विवरणपत्र भरायचं म्हणून पूर्ण वर्ष रेसिडेंट धरायचा पर्याय निवडलात तर हा वाव गेला. एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं बहुधा नॉनरेसिडेंट असतात. कॅलेंडर वर्षं म्हणजे २८ डिसेंबरला उतरलात तरी त्या चार दिवसांत एक वर्ष खर्ची पडलं.

भारतातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या, कायद्याने ते करावंच लागतं. एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त असतं, इथे नाही. भारतातली सगळी खाती, एफडी आणि आईवडिलांबरोबरची संयुक्त खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी 'एफबार' म्हणजे फिनसेन फॉर्म ११४ भरायचा. मुदत १५ एप्रिल, आणि १५ ऑक्टोबरपर्यंत ती आपोआप वाढते. हा फॉर्म भरायला एक पैसा लागत नाही. न भरल्याचा दंड मात्र हजारोंत जातो. "बाबांच्या खात्यावर माझं नुसतं नाव आहे" हे कारण चालत नाही. नाव आहे तर खातं मोजायचं.

आता इथल्या पैशाचं.

पहिली गुंतवणूक म्हणजे क्रेडिट. फायको स्कोअर (तुम्ही उधारी किती भरवशाने फेडता त्याचे गुण) ३०० ते ८५० मध्ये असतो आणि तुमचा सुरुवातीला शून्यही नसतो, तो नसतोच. पहिलं खातं साधारण सहा महिने जुनं झाल्यावर तो तयार होतो. सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला की, साधं कार्ड मिळत नसेल तर, २०० ते ५०० डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड कार्ड घ्या. वार्षिक फी नसलेलंच घ्या, कारण हे पहिलं कार्ड कधीच बंद करायचं नाही. खात्याचं वयही स्कोअरमध्ये मोजतात.

इथे सगळे एकाच खड्ड्यात पडतात. समजा कार्डाची मर्यादा ५०० आहे आणि महिन्याचा किराणा ४५० चा. तुम्ही देय तारखेला सगळे पैसे भरता, एक डॉलर व्याज लागत नाही, तरी स्कोअर पडतो. कारण बँक क्रेडिट ब्युरोला (उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला) साधारणपणे स्टेटमेंट निघतानाची शिल्लक कळवते, आणि ती ९० टक्के दिसते. स्टेटमेंटच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच ४०० भरून टाका, म्हणजे १० टक्के दिसेल. 'स्टेटमेंट बॅलन्स पूर्ण' असा ऑटोपेसुद्धा लावून ठेवा. हप्ता ३० दिवस चुकला तर ती नोंद ७ वर्षं राहते. आणि "थोडी शिल्लक ठेवली की स्कोअर वाढतो" असं आपल्यातलेच जुने लोक सांगतात, ते साफ खोटं आहे. त्याने फक्त बँकेचं व्याज वाढतं.

क्रेडिटची गरज नसताना इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंकडे ते फ्रीझ करून ठेवा, म्हणजे तुमच्या नावावर दुसरं कोणी कर्ज काढू शकत नाही. २०१८ पासून हे फुकट आहे.

दुसरी गुंतवणूक कंपनी तुमच्यासाठी करते, पण तुम्ही हात पुढे केला तरच. ४०१(के) म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यामध्ये सर्रास दिसणारी योजना अशी: तुम्ही पगाराचे ६ टक्के घालायचे, कंपनी त्याच्या निम्मे घालते. ९०,००० पगारावर तुमचे ५,४००, कंपनीचे २,७००. पैसे घातले त्याच दिवशी ५० टक्के फायदा. "आपण तर पाच वर्षांत परत जाणार" म्हणून आपले लोक यातून बाहेर राहतात. (त्यातले किती जण परत जातात ते कुठल्याही मराठी मंडळाच्या गणपतीत मोजून घ्या.) गेलात तरी पैसे तुमचेच असतात, खातं इथेच ठेवता येतं. साडेएकोणसाठ वर्षांआधी काढले तर कर लागतोच, शिवाय काढलेल्या रकमेवर १० टक्के दंड बसतो, तोही कंपनीच्या वाट्यापुढे किरकोळ. पाहायचं असतं ते व्हेस्टिंग: कंपनीचा वाटा पूर्ण तुमचा व्हायला कुठे ३ वर्षं लागतात, कुठे टप्प्याटप्प्याने ६. नोकरी बदलताना व्हेस्टिंगला दोन महिने उरले असतील तर नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पुढे मागा.

आत कुठला फंड घ्यायचा यावर रात्री जागवू नका. निवृत्तीच्या वर्षाचा टार्गेट-डेट फंड किंवा साधा इंडेक्स फंड, खर्च जितका कमी तितकं बरं. महिना ५०० डॉलर, ७ टक्क्यांनी, ३० वर्षं: सुमारे ६ लाख १० हजार. फंडाने दरवर्षी एक टक्का जास्त खाल्ला तर सुमारे ५ लाख २ हजार. तो एक टक्का कुठल्याच बिलावर दिसत नाही. स्वतः आयआरए (कंपनीशिवाय स्वतःचं निवृत्ती खातं) उघडलात तर लक्षात ठेवा, पैसे खात्यात टाकले म्हणजे गुंतले असं नाही. फंड विकत घ्यायचं बटण वेगळं असतं, आणि वर्षानुवर्षं रोकड पडून असलेल्या आयआरए पाहायला मिळतात.

ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) काम करणाऱ्यांनी पहिली पेस्लिप नीट वाचावी. नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापायचे नसतात, पण छोट्या कंपन्यांचा पेरोल बेधडक कापतो. आधी कंपनीकडे परत मागा. नाही दिले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ जोडून आयआरएसकडे (अमेरिकेच्या आयकर खात्याकडे). विवरणपत्र १०४०-एनआर आणि सोबत फॉर्म ८८४३. रूममेटने सुचवलेल्या फुकट सॉफ्टवेअरवर साधा १०४० भरू नका. उलट भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, आणि ते घ्यायला लोक विसरतात.

विमा. गाडीचा राज्याने ठरवलेला किमान विमा घेऊन बाहेर पडू नका. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून किमान ३०/६०/१५ आहे, म्हणजे तुमच्या चुकीने जखमी झालेल्या एका माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघाताला ६०,०००, दुसऱ्याच्या मालमत्तेला १५,०००. इथल्या हॉस्पिटलात एका मोठ्या शस्त्रक्रियेत ३०,००० संपतात, आणि उरलेले वसूल करायला वकील तुमच्या पगारापर्यंत पोचतो. निदान १००/३००/१०० घ्या. त्यासाठी प्रीमियम दुप्पट होत नाही, कोटेशन मागवून बघा. गाडी जुनी असेल तर कोलिजन (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) काढून टाका आणि ते पैसे इकडे लावा. आपले लोक नेमकं उलट करतात: स्वतःच्या गाडीच्या ओरखड्याचा विमा भरभक्कम, दुसऱ्याच्या मणक्याचा किमान.

आरोग्य विमा नोकरी लागल्यावर बहुधा ३० दिवसांतच निवडावा लागतो, नाहीतर वर्षभर थांबा. प्रीमियम बघून निवडू नका, 'आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम' बघा. वाईट वर्षात खिशातून जाणारा आकडा तो. तरुण आणि धडधाकट असाल तर हाय-डिडक्टिबल योजना (सुरुवातीचा मोठा खर्च स्वतः करायची) आणि सोबत एचएसए (औषधोपचारासाठीचं बचत खातं) घ्यावी. २०२५ मध्ये वार्षिक मर्यादा एकट्याला ४,३०० आणि कुटुंबाला ८,५५० डॉलर होती. पैसे घालताना फेडरल कर नाही, वाढताना नाही, औषधोपचाराला काढताना नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मात्र राज्याच्या करात ही सवलत देत नाहीत. दाताची कामं भारतातून करूनच या. इथल्या डेंटल विम्याची वार्षिक मर्यादा बहुधा १,००० ते २,००० डॉलर असते, एक रूट कॅनाल आणि कॅपमध्ये ती संपते.

गादी चांगली घ्या. बूटही.

हाताशी सहा महिन्यांचा खर्च रोख हवा. एच-१बी वर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांची मुभा मिळते, आणि त्या ६० दिवसांत तोट्यात शेअर विकायची वेळ येऊ नये. एफडीआयसीचं (सरकारी ठेव विम्याचं) संरक्षण असलेल्या हाय-यील्ड सेव्हिंग्जमध्ये ठेवा, एका बँकेत २,५०,००० डॉलरपर्यंत ते सुरक्षित असतात. याच धास्तीशी जोडलेलं एक काम: पासपोर्ट संपत आला असेल तर प्रवासाआधी नवा करा. व्हिसा २०२८ पर्यंत असला तरी पासपोर्ट २०२६ मध्ये संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ (प्रवेशाची सरकारी नोंद) बहुधा २०२६ चीच देतो, आणि इथे राहण्याची मुदत आय-९४ ठरवते. प्रत्येक वेळी उतरल्यावर ती वेबसाइटवरून काढून तारीख वाचा.

पुण्यातला फ्लॅट. दुसऱ्या वर्षी बोनस आला की सगळ्यांना तो दिसू लागतो. राहायला घ्यायचा असेल तर घ्या, गुंतवणूक म्हणून नको. भाडं इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. पुढे अनिवासी म्हणून विकताना खरेदीदार नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर टीडीएस कापतो. तो कमी करायचा तर आधी आयकर खात्याचं प्रमाणपत्र आणावं लागतं. आणि दर सुट्टीतले चार दिवस सोसायटीच्या ऑफिसात जातात.

शेवटी आपल्याच माणसांबद्दल. दुकानात कोणी "तुम्ही मराठी का?" म्हणून प्रेमाने ओळख काढेल, तिसऱ्या वाक्यात "नोकरीशिवाय काही करायचा विचार आहे का?" विचारेल, 'मेंटॉर'शी गाठ घालून देतो म्हणेल आणि कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. ती साखळी विक्री आहे. नंबर देऊ नका. दुसरा प्रकार मंडळाच्या कार्यक्रमात भेटतो: "बाजार पडला तरी तोटा नाही" असा आयुर्विमा विकणारा. त्याला तीनच गोष्टी लेखी मागा: पहिल्या वर्षीचं कमिशन, दहा वर्षांचे सरेंडर चार्जेस (पॉलिसी मोडल्यावर कापले जाणारे पैसे) आणि त्याच रकमेच्या २० वर्षांच्या टर्म पॉलिसीचा प्रीमियम. पहिल्या दोन बहुधा मिळत नाहीत. मुलं असतील तर तिसरी, म्हणजे टर्म पॉलिसी घ्या, दुसऱ्या कुणाकडून तरी.

आणि हे वाचणाऱ्या कुणाची एसआयपी अजून चालू असेल तर आजच मँडेट रद्द करा. विक्रीचं सीपीएशी बोलून ठरवा, पण नवा हप्ता जाऊ देऊ नका.