कॅलेंडर न उघडता वार कसा काढायचा

कुठल्याही तारखेचा वार हवा असला की आपण लगेच मोबाईल काढतो, पण खरंतर तशी गरज नसते, कारण वारांची तीच मांडणी वर्षभरात परत परत येत असते, ती कुठे येते एवढं माहीत पाहिजे.

एकाच महिन्यात १, ८, १५, २२, २९ ला एकच वार असतो हे सगळ्यांना माहितीये. आता महिन्याच्या दिवसांना ७ ने भागा आणि बाकी बघा. ३१ ला ३ उरतात, ३० ला २, आणि २८ च्या फेब्रुवारीला काहीच उरत नाही. जेवढी बाकी तेवढा पुढच्या महिन्यात त्याच तारखेचा वार सरकतो. म्हणूनच साध्या वर्षात फेब्रुवारी आणि मार्च २८ तारखेपर्यंत अगदी सेम असतात, जसं २०२६ मधे १३ फेब्रुवारीला शुक्रवार आणि १३ मार्चलाही शुक्रवारच.

आता जोड्या. एप्रिल-जुलै, सप्टेंबर-डिसेंबर आणि मार्च-नोव्हेंबर ह्या कुठल्याही वर्षी जुळतात, लीप असो नसो, कारण मधे फेब्रुवारी येतच नाही. एप्रिल ते जुलै मोजून बघा, ३०+३१+३० म्हणजे ९१ दिवस, बरोबर १३ आठवडे. ह्या तीन आधी पाठ करा, बाकीच्या नंतर. साध्या वर्षात जानेवारी-ऑक्टोबर जुळतात आणि फेब्रुवारी हा मार्च-नोव्हेंबरला येऊन मिळतो. लीप वर्षात मात्र जानेवारी जातो एप्रिल-जुलैकडे आणि फेब्रुवारी ऑगस्टकडे. मे आणि जून कायम एकटेच, त्यांना जोडीदार नाही.

माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती ही: ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर ह्या तारखांना दरवर्षी एकच वार असतो. ९ मे, ५ सप्टेंबर, ११ जुलै, ७ नोव्हेंबर पण त्यातच (९-५ आणि ५-९, ११-७ आणि ७-११, उलटसुलट केलं की झालं), शिवाय ७ मार्च आणि फेब्रुवारीची शेवटची तारीख. जानेवारीत ३ तारीख धरा, लीप असेल तर ४. जॉन कॉनवे ह्या गणितज्ञाने ही पद्धत बसवली आणि त्या वाराला डूम्सडे म्हटलं. २०२६ चा वार शनिवार. समजा २७ ऑगस्ट काढायचाय, तर ८ ला शनिवार म्हणजे २९ लाही शनिवार, दोन मागे या, गुरुवार. झालं! थोडी सवय झाली की बोलता बोलता जमतं.

पुढच्या वर्षी हा वार एकाने सरकतो आणि लीप वर्षात शिरताना दोनाने, म्हणून २०२७ ला रविवार पण २०२८ ला थेट मंगळवार.

जुनं कॅलेंडर परत वापरायचं असेल तर साधं वर्ष ६ किंवा ११ वर्षांनी परत येतं. २०२५ चं २०३१ ला चालेल, २०२६ चं मात्र २०३७ ला, आणि २०१५ चं जपून ठेवलं असेल तर तेच २०२६ ला लावता येतं. लीपचं २८ वर्षांनी, २०२४ चं २०५२ ला. २१०० हे लीप नाही, तिथे हा हिशोब थोडा बिघडतो, पण पूर्ण ४०० वर्षं घेतली तर १,४६,०९७ दिवस होतात, ७ ने भागून बघा, बाकी शून्य.