समुद्रकाकडी ओळखताना या चुका टाळा: काळी दिसली म्हणजे आट्रा नव्हे

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, पण समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा समुद्रातला प्राणी, आहे. तालुक्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटातल्या खालच्या खणात, फॉर्मॅलिनच्या बरणीत ती कित्येक वर्षं पडून आहे. प्रॅक्टिकलला बरणी टेबलावर ठेवली की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, "सर, हे तं सडलेलं वाळूक वाटते." पोराचं चुकत नाही. जे दिसलं ते त्यानं सांगितलं. लेबल चिकटवणाऱ्यानं तेवढंही केलेलं नव्हतं. बरणीवर लिहिलं होतं: कुकुमेरिया.

पहिली चूक हीच. समुद्रकाकडी दिसली की कुकुमेरिया या एकाच वंशाचं नाव लिहून मोकळं व्हायचं. कुकुमेरिया मुख्यतः थंड समुद्रातली. तिच्या तोंडाभोवती 10 स्पर्शक असतात आणि ते झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले. उष्ण कटिबंधातल्या होलोथुरिया या दुसऱ्या वंशाला साधारण 20 स्पर्शक, आखूड दांड्याचे आणि टोकाला ढालीसारखे पसरट. बरणीत बहुतेक वेळा तोंड मिटलेलंच असतं, मग मोजणार काय? अशा वेळी नळीपाय, म्हणजे अंगावरचे नळीसारखे बारीक पाय, बघा. कुकुमेरियात त्यांच्या पाच ओळी अंगभर सरळ जातात. होलोथुरियात पोटाकडे त्यांची दाटी असते आणि पाठीवर बारीक उंचवटे तुरळक. आमची बरणी फिरवून पाहिली तर पोट आणि पाठ सरळ वेगळी दिसत होती. लेबल तिथेच खोटं पडलं.

मग दुसरी चूक मी स्वतः केली. रंग काळपट, म्हणून होलोथुरिया आट्रा ठरवून टाकलं. काळ्या समुद्रकाकड्या काही एकच नाहीत. होलोथुरियातल्या आट्रा आणि ल्युकोस्पिलोटा या दोन प्रजाती उथळ पाण्यात, प्रवाळाच्या आसपास सापडतात आणि फोटोत भल्याभल्यांना फसवतात. जिवंतपणी फरक कळतो. आट्राच्या अंगावर वाळूचा थर असतो आणि त्यात मधेमधे गोल उघडे ठिपके राहतात. तिला बोटानं चोळलं तर लालसर जांभळा रंग सुटतो. ल्युकोस्पिलोटा लांबट आणि मऊ असते. बहुधा मागचं अर्धं अंग दगडाखाली ठेवून पुढचं बाहेर लांबवते, आणि फार छेडलं तर मागून पांढरे चिकट धागे सोडू शकते. आट्राकडे हे धागे नसतात. बरणीत यातलं काहीच उरत नाही. वाळू धुऊन गेलेली, रंग उतरलेला, अंग आखडलेलं. जिवंत प्राण्याची खूण मेलेल्या नमुन्यात शोधू नका.

आकारावरही जाऊ नका. आट्रा मधोमध तुटून एकीच्या दोन होते, त्यामुळे लहान दिसली म्हणजे पिल्लूच, असं नाही.

खरी ओळख कातडीत असते. कातडीत चुनखडीचे सूक्ष्म तुकडे विखुरलेले असतात, त्यांना स्पिक्युल म्हणतात. आट्रात लहान 'टेबल' आणि 'रोझेट' या आकारांचे स्पिक्युल मिळतात. टेबल वरून पाहिलं की चार टोकांची फुली दिसते. ल्युकोस्पिलोटात टेबलांसोबत गुळगुळीत 'बटणं' असतात, छिद्रं असलेली. स्काब्रा, म्हणजे मन्नारच्या आखातातली आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतली वाळूत पुरून राहणारी राखाडी समुद्रकाकडी, तिची बटणं गाठाळ असतात. बटणं मिळाली तर आट्रा नाही, इतका हा सोपा हिशोब.

कृती अशी: कातडीचा मुगाएवढा तुकडा काचेवर घ्या, वर कपड्यांच्या ब्लीचचे दोन थेंब टाका. मांस विरघळतं, स्पिक्युल खाली बसतात. पाणी हळूच काढून चार-पाच वेळा धुवा. आधी 10च्या भिंगानं शोधा, मग 40च्या भिंगानं नीट बघा. पाठ, पोट आणि स्पर्शक यांचे तुकडे वेगवेगळे घ्या, कारण एकाच प्राण्यात जागेप्रमाणे स्पिक्युल बदलतात.

स्लाइडवर काहीच दिसत नाही? मी दोन दिवस मायक्रोस्कोपला शिव्या घातल्या. दोष फॉर्मॅलिनचा होता. जुनं फॉर्मॅलिन आंबट होतं आणि आम्ल चुनखडी खातं. लिंबाच्या रसात अंड्याचं कवच ठेवा, तेच होतं. नवा नमुना असेल तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा.

आणि खूप काही दिसतंय? तेव्हाही थांबा. एकदा मला चौकोनी, चकचकीत आकार दिसले आणि मी वर्गात ऐटीत "टेबल!" म्हणून जाहीर केलं. ते मीठ होतं. काही ब्लीचचं, काही आमच्या बोअरच्या पाण्याचं, ज्यानं गावातल्या प्रत्येक बादलीला पांढरा थर धरतो. स्पिक्युलला ठरलेली छिद्रं असतात, मिठाला नसतात. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनंच करा. बॅटरीसाठी मिळतं तेही चालतं.

नावाबद्दल थोडक्यात. प्रजातीच्या नावापुढे ते देणाऱ्याचं नाव लिहितात, आणि प्रजाती पुढे दुसऱ्या वंशात गेली तर ते कंसात टाकतात. आट्रा आणि स्काब्रा यांची नावं येगर या शास्त्रज्ञानं 1833मध्ये दिली, आणि दोन्ही आजही होलोथुरियातच आहेत, म्हणून त्याचं नाव कंसाबाहेर येतं. ल्युकोस्पिलोटा ब्रँट या शास्त्रज्ञानं 1835मध्ये आधी स्टिकोपस या वंशात टाकली होती, म्हणून तिथे ब्रँट कंसात. पोरं परीक्षेत कंस हवा तिथे टाकतात, जणू शोभेचा आहे. जुन्या पुस्तकांवरही डोळे झाकून जाऊ नका. त्यातला ॲस्पिडोकायरोटिडा हा गण 2017च्या मांडणीत मोडला आणि होलोथुरिया आता होलोथुरिइडा या गणात येते. 2004च्या आधीच्या यादीत होलोथुरियातली नोबिलिस ही प्रजाती दिसली तर ती हिंदी महासागरातली की पॅसिफिकमधली, हे बघा. पॅसिफिकमधलीला आता व्हिटमेई म्हणतात.

सहलीला कोकणात गेलात आणि समुद्रकाकडी दिसली, तर फोटो काढा, उचलू नका. 2001मध्ये भारतातल्या सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. "कॉलेजला नमुना पाहिजे होता" हे कारण तिथे चालत नाही.

आमच्या बरणीतल्या प्राण्याच्या कातडीत एकही स्पिक्युल उरलेलं नव्हतं. जुनं लेबल खरवडून नव्यावर 'होलोथुरिया' एवढंच शाईनं लिहिलं. प्रजातीची जागा कोरी ठेवली आहे. पोरं विचारतात, "सर, इथं काय लिवायचं?" मी म्हणतो, तुम्हीही कोरीच ठेवा, मार्क देतो.