क्षेत्रकार्यातल्या या चुका टाळा : सोलापुरात समाजकार्य शिकणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्यात नवी बॅच आमच्या संस्थेत क्षेत्रकार्याला, म्हणजे वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम शिकायला, येते आणि दिवाळीच्या आत त्याच त्या चुका पुन्हा करून दाखवते. समाजकार्याची पदवी (बीएसडब्ल्यू) असो की पदव्युत्तर (एमएसडब्ल्यू), वर्गात तुम्ही चांगले असता. व्यक्ती सहयोग कार्याची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं घडाघडा म्हणता. मग विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, पहिल्या घरात शिरता आणि दहा मिनिटांत स्वीकार, गोपनीयता आणि स्वयंनिर्णय ही तिन्ही मोडून बाहेर येता. देखरेख करणाऱ्या माणसाचा जीव जातो तो यातच.

खालच्या चुकांचा क्रम महत्त्वाचा नाही. दोन गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे, कारण त्यांचा त्रास तुम्हाला होत नाही, दुसऱ्याला होतो.

अहवाल साठवून लिहिणं

आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, त्याचा अहवाल पर्यवेक्षकाकडे, मग त्यावर वैयक्तिक चर्चा. रचना साधी आहे. पण अहवाल म्हणजे कॉलेजला द्यायची वही, असा समज इतका पक्का बसलेला असतो की सत्राच्या शेवटच्या आठवड्यात पोरं एकमेकांच्या खोलीवर जमून चार महिने एका रात्रीत उतरवतात.

माझ्या देखरेखीखाली असा एक मुलगा होता. हुशार, बोलका, संस्थेत सगळ्यांचा लाडका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कुटुंबाची केस त्याच्याकडे दिली होती. बाई विड्या वळायची, नवरा लूमवर (यंत्रमागावर), आणि पिणारा. मुलगी नववीत, शाळा सुटण्याच्या बेतात. नवऱ्याच्या पिण्याचं बाईने आमच्या ऑफिसात येऊन सांगितलं होतं, घरी नाही. मुलगा सुरुवातीच्या भेटींना गेला, पुढे जाणं विरळ झालं आणि लिहायचं तर सगळंच राहिलं. शेवटी एका रात्रीत जे लिहिलं त्यात एक वाक्य होतं : ‘पतीशी चर्चा केली. त्यांनी मद्यपान सोडण्याची तयारी दर्शवली.’ अक्षर सुंदर. कॉलेजचा शेरा, उत्तम.

पुढच्या वर्षी ती केस एका मुलीकडे गेली. तिने फाईल वाचली, जशी वाचायला हवी तशीच वाचली, आणि पहिल्या भेटीत बाईला विचारलं, “ते दारू सोडतो म्हणाले होते ना? मग काय झालं?” सासू शेजारीच तेंदूची पानं कापत बसली होती. कात्री थांबली. नवरा तर त्या चर्चेच्या कितीतरी आधीच भिवंडीला गेलेला. त्याच्याशी कुणी कधी बोललंच नव्हतं. सासूला मात्र एकच कळलं, की सून बाहेर जाऊन तिच्या लेकाच्या दारूच्या गोष्टी सांगते आणि त्या कुठल्यातरी ऑफिसात लिहून ठेवल्या जातात. त्यानंतर ते दार आमच्यासाठी बंद झालं. मुलीच्या शाळेचा विषय काढायलाही त्या वर्षी कुणाला आत जाता आलं नाही.

सासूसमोर विचारायला नको होतं, हे खरंच. पण ती मुलगी फाईलवर विश्वास ठेवून गेली होती. ज्याने ते वाक्य रचलं तो तोवर पास होऊन पुण्यात नोकरीला लागला होता.

म्हणून माझ्या हाताखाली काम करायचं तर नियम एवढाच : भेट झाली त्याच संध्याकाळी लिहायचं. खिशात बसेल अशी वही ठेवा. माणसासमोर ती काढू नका, लोकांना पोलिसपाटलाची आठवण होते. घरातून निघालात की रिक्षा स्टॉपवर, बसमध्ये, चहाच्या टपरीवर चार ओळी खरडा आणि रात्री जेवायच्या आधी पक्कं करा. डाव्या पानावर जे दिसलं आणि ऐकलं ते, उजव्या पानावर तुम्हाला वाटलं ते. ‘लाभार्थी चिंताग्रस्त वाटल्या’ हे उजवं पान. ‘बोलताना त्यांनी पुन्हा पुन्हा दाराकडे पाहिलं, टोपलीतल्या विड्या मोजताना आकडा चुकला’ हे डावं. पहिल्या वाक्याचा मला काही उपयोग नाही, दुसऱ्यावर आपण दोघं अर्धा तास बोलू शकतो. घरी कुणी नव्हतं तर ‘घरी कुणी नव्हतं’ असंच लिहा. रिकामी भेट हीसुद्धा माहिती असते.

अलीकडे मोबाईलवरच्या एआयकडून अहवाल लिहून आणायची टूम निघाली आहे. ओळखायला अक्कल लागत नाही. सगळ्या घरांतल्या सगळ्या बायका ‘भावनिक आव्हानांना सामोऱ्या जात’ असतात आणि एकीच्याही घरात वास, आवाज, पाहुणा, उंदीर काही नसतं. शिवाय दुसऱ्याच्या घरातली खाजगी गोष्ट तुम्ही कुठल्यातरी ॲपमध्ये टाकून आलात, ते वेगळंच.

‘होऊन जाईल’ म्हणणं

हा माझा दुसरा राग. नवा विद्यार्थी पहिल्या महिन्यात दोनचार योजनांची नावं पाठ करतो आणि वस्तीत वाटत सुटतो. विधवा बाई दिसली की संजय गांधी निराधार, म्हातारी दिसली की श्रावणबाळ. “मावशी, महिन्याला दीड हजार सुरू होतील, मी करून देतो.”

एका मुलीने असंच सांगितलं होतं. सांगताना मन स्वच्छ होतं, त्यात शंका नाही. बाईने त्या भरवशावर ओळखीच्या दुकानातून किराणा उधार घ्यायला सुरुवात केली. अर्ज गेला आणि अडकला. आधारवर नाव सासरचं, रेशन कार्डवर माहेरचं, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. लग्न होऊन तेलंगणातून आलेल्या बायकांच्या कागदांत हे नेहमीचं आहे. तशात महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला. मार्चमध्ये मुलीचं क्षेत्रकार्य संपलं, तिने शेवटच्या दिवशी गटासोबत फोटो काढला आणि गेली. मे महिन्याच्या उन्हात ती बाई आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली. दुकानदार दारात यायला लागला होता.

आधी स्वतः तहसील कार्यालयात जा. सेतूत रांगेत उभे राहा, कुठला कागद कुठल्या टेबलावर थांबतो ते बघा. वस्तीतल्या ज्या बाईचं अनुदान सुरू आहे तिला विचारा, तिला किती महिने लागले. ती तुमच्या पुस्तकापेक्षा जास्त सांगेल. मग कागद तपासा, प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून. वय पासष्टच्या वर असेल तर संजय गांधी नाही, श्रावणबाळचा अर्ज. ही अदलाबदल दरवर्षी होते. आणि तोंडातून एकच वाक्य काढायचं : “मी चौकशी करून अमुक वारी सांगायला येते.” त्या वारी जायचं. हातात काही नसलं तरी जायचं, “अजून काही कळलं नाही” एवढं सांगायला.

काही पोरांना हे फार संथ वाटतं. त्यांना पहिल्याच सत्रात कुणाचं तरी आयुष्य बदलायचं असतं. त्यांनी आयुष्य राहू दे, आधी एक उत्पन्नाचा दाखला काढून दाखवावा.

बाकीच्या, थोडक्यात

फोटो. वस्तीतल्या मुलांसोबतचा सेल्फी स्टेटसला टाकू नका. विषय शिष्टाचाराचा नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, किंवा कुठल्या गुन्ह्यात बळी, साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या बाबतीत २०१७ चा वेगळा कायदा आहे. निरीक्षणगृहात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) नेमणूक असेल तर फोन बॅगेत ठेवा.

पाण्याचा दिवस. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथे वाढलेल्या पोरांनाही भेटीच्या वेळी आठवत नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी बाई तुमच्याशी बोलणार नाही, बोलूही नये. कुठल्या गल्लीला कधी पाणी, विड्या जमा करायला बायका किती वाजता जातात, लूमची पाळी कधी सुटते, हे पहिल्या आठवड्यात लिहून काढा. तुमचं वेळापत्रक त्यांच्या वेळापत्रकात बसवायचं.

भाषा. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, बऱ्याच मोहल्ल्यांत दख्खनी. सगळं यायला हवं असं नाही, पण दारात “बागुन्नारा अक्का?” (बऱ्या आहात ना?) म्हणता येत नसेल तर तीन महिने तुम्ही काय केलंत? आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करून तिच्या आईला मारहाणीबद्दल विचारू नका. हे मी पाहिलेलं आहे.

गुपित. मूल काही सांगायच्या आधी “तू सांग, मी कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. त्याने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. मुलाला सांगायचं ते असं : “तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांनाच मी सांगेन.” त्याच दिवशी संस्थेच्या पर्यवेक्षकाला गाठा, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लक्षात ठेवा, आणि स्वतः उलटतपासणी घेत बसू नका.

‘सोडून दे त्याला.’ मार खाणाऱ्या बाईला हा सल्ला देऊन तुम्ही हॉस्टेलवर परत जाता, ती त्याच खोलीत राहते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातले संरक्षण अधिकारी कुठे बसतात, अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठीचं सखी केंद्र कुठे आहे, महिला हेल्पलाइन १८१ वर काय होतं, हे तिला सांगा. ठरवायचं ते तिने.

ग्रामीण शिबिर. मंदिरासमोर झाडून, भिंतीवर घोषणा रंगवून परत येऊ नका. गावनकाशा काढायला लोकांना बसवा आणि खडू त्यांच्या हातात द्या.

अडलात तर

कुणी दारच उघडत नसेल, तर वस्तीतली आशा किंवा अंगणवाडी ताई गाठा. तिच्यासोबत एकदोन फेऱ्या करा, मध्ये तोंड घालू नका. पुढच्या वेळी तुम्हाला एकटं जाता येतं.

कुणी भेटीत सारखे पैसेच मागत असेल, तर खिशातून देऊ नका आणि रागावूही नका. माझ्याकडची मुलं “मी विद्यार्थी आहे, पैशांची मदत माझ्याकडून होत नाही” असं पहिल्याच भेटीत सांगतात. नंतर सांगायला गेलात तर ते नकारासारखं लागतं.

पर्यवेक्षक वेळ देत नसेल, आणि असे असतात, तर गटाने जाऊन तक्रार करण्याआधी तीन नेमके प्रश्न लिहून त्याच्या टेबलावर ठेवा. ‘सर मार्गदर्शन करा’ याला कुणाकडेच उत्तर नसतं.

भेटीहून आल्यावर रडू येत असेल, झोप लागत नसेल, तर ते वैयक्तिक चर्चेत बोला. त्यासाठीच ती असते. माझ्यासमोर रडलेल्यांपैकी कुणाचे गुण कमी झालेले नाहीत. हसत हसत ‘सगळं छान आहे’ म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

नोकरीच्या बाबतीत

पहिल्या महिन्यात सगळ्यांना सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक कामात) जायचं असतं. जा की. पण मुलाखतीत पन्नास घरांचं सर्वेक्षण एक्सेलमध्ये भरून त्यातून एक तक्ता काढायला सांगितला तर बोबडी वळते, तेव्हा ते आधी शिका. रुग्णालयातली समाजसेवा अधीक्षकाची जागा, परिविक्षा अधिकारी, बाल संरक्षण कक्ष, आयसीटीसीचे (एचआयव्ही तपासणी केंद्रातले) समुपदेशक, बचतगटांचं काम करणारं उमेद अभियान : यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, नियुक्तिपत्र हातात आल्यावर भांडण नको. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट परीक्षा. तो अभ्यास दुसऱ्या वर्षातच सुरू करावा. स्पर्धा परीक्षेच्या नादात क्षेत्रकार्याला दांड्या मारणारे माझ्या पाहण्यात दोन्हीकडून गेले.

ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग महिनाभराची नेमणूक, घराजवळ मागू नका. महिनाभर अशा ठिकाणी जा जिथे तुमचं कुणी ओळखीचं नाही आणि काम तुम्हाला नको तितकं आहे. नोकरीची पहिली ओळख बहुतेक वेळा तिथूनच निघते.

वस्तीचा निरोप जानेवारीपासून घ्यायला लागा. “मार्चनंतर मी येणार नाही, माझ्या जागी कोण येईल ते संस्था सांगेल” हे संक्रांतीच्या आसपास एकदा, मग फेब्रुवारीत पुन्हा. फाईलच्या शेवटच्या पानावर पुढच्या विद्यार्थ्यासाठी लिहा : काय झालं, काय राहिलं, कुठला विषय कुणासमोर काढायचा नाही.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल नेतात सगळे. त्यात स्वतःचे दोन अहवाल ठेवा, संस्थेची परवानगी घेऊन, नावं, पत्ते, वस्तीचं नाव सगळं काढून. एक जमलेल्या केसचा, एक फसलेल्या केसचा. मी निवड समितीवर असते तेव्हा फसलेला आधी मागते.