रस्ता जोडीने मोजताय? श्रेय वाटताना या चुका टाळा

सायकल कडेकडेने चालवायची, मध्येच उतरून डांबरावर खिळा ठोकायचा, वहीत आकडा लिहायचा. एवढं दिसलं की पानटपरीवरून प्रश्न येतोच, "काहून जी, रोड रुंद होऊन राहिला का?" आमच्याकडे मोजणी म्हटलं की जमिनीचीच. शर्यतीचा रस्ता मोजणारी माणसं वर्धा-यवतमाळ पट्ट्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यामुळे जोडीदार रुसला तर दुसरा कुठून आणायचा? माझा रुसला होता, आणि चूक माझीच होती.

आधी ती चूक सांगतो. एका गावच्या 10 किलोमीटरच्या शर्यतीसाठी आम्ही दोघांनी तोच रस्ता वेगवेगळ्या सायकलींवर मोजला. माझा आकडा 10,006 मीटर, त्याचा 10,001. मी मोठेपणा दाखवला. दोघांचाही मान राहावा म्हणून सरासरी काढली आणि साडेतीन मीटर जास्त भरतात म्हणून शेवटची रेघ तेवढी अलीकडे ओढली. हे साफ चुकलं. शर्यतीचा रस्ता म्हणजे धावणाऱ्याला जाता येईल अशी सगळ्यात जवळची वाट. वळणावर आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटर सोडून सायकल न्यायची ती त्यासाठीच. त्याने वळणं माझ्यापेक्षा नेमकी कापली होती, म्हणून त्याचा आकडा कमी आला, आणि कमी आकडाच धरायचा असतो. सरासरीने त्याची चांगली चाल माझ्या ढिल्या चालीत मिसळली. धरलेली जादा लांबी हाताशी होती म्हणून रस्ता आखूड भरला नाही, एवढंच. दर किलोमीटरला 1 मीटर, म्हणजे 10 किलोमीटरला 10 मीटर, रस्ता मुद्दाम लांब ठेवतात. ती शिल्लक चुकीसाठी असते, मानपानासाठी नाही. श्रेय वाटायचं ते नावांत. आकडा वाटायचा नाही.

दोघांचे आकडे फारच लांब असले तर? अमेरिकेतल्या प्रमाणपत्राच्या नियमात दोन मोजण्यांमधला फरक 0.08 टक्क्यांच्या आत लागतो, म्हणजे 10 किलोमीटरला 8 मीटर. त्यापलीकडे गेला तर आधी चाकातली हवा पाहा, मग वहीतला प्रत्येक किलोमीटरचा आकडा ताडून पाहा. फरक बहुतेक वेळा एकाच टप्प्यात सापडतो: कुणी तरी चौकात पलीकडची कड धरलेली असते. "तुझंच चुकलं" हे त्यानंतर म्हणा.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. "अर्धा तू चालव, अर्धा मी." एकाच सायकलवर माणूस बदलायचा नाही. पुढच्या चाकाला लावलेला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचं फिरणं आकड्यांत मोजणारं छोटं यंत्र, किलोमीटरला साधारण अकरा हजार आकडे मोजतो, पण नेमके किती, हे त्या सायकलचं, तिच्या हवेचं आणि वर बसलेल्या माणसाच्या वजनाचं असतं. माझं वजन जोडीदारापेक्षा पंधरा किलो जास्त. टायर तेवढं जास्त दबतं. म्हणून ज्याची सायकल त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे टेपने मोजलेल्या पट्ट्यावर सायकल नेऊन किती आकडे पडतात ते पाहणं: मोजणीआधी चार फेऱ्या आणि नंतर चार. या काउंटरचं नावच पाहा ना. 1971 साली अ‍ॅलन जोन्स यांनी तो काढला, पुढे ओर्थ यांनी बनवला, तेव्हा 'जोन्स-ओर्थ' म्हणून दोघंही नावात आले.

एकाच्या मागे दुसऱ्याने चाकाला चाक लावून जाणं हीही तशीच गफलत. त्यात पुढच्याचीच वाट दोनदा मोजली जाते; नावं दोन, मोजणी एक. मध्ये अंतर ठेवा, आणि वही उघडून आकडे शेवटीच जुळवा.

टेप धरणाऱ्यांना सगळेच विसरतात. कॅलिब्रेशनसाठी किमान 300 मीटर सरळ सपाट रस्ता स्टीलच्या टेपने मोजायचा, म्हणजे 50 मीटरचा टेप सहा वेळा ताणायचा. टेपवरचा आकडा 20 अंश तापमानाला खरा असतो. आमच्याकडे चैत्रात रस्ता 40 अंशाला तापतो, आणि तेवढ्या उष्णतेने 300 मीटरमागे 7 सेंटिमीटरचा फरक पडतो. तो 10 किलोमीटरला सव्वादोन मीटरच्या पुढे जातो. हे तापमान लिहून ठेवणारा पोरगा आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारा होता. त्याला 1600 मीटरचा पट्टा खरा हवा होता, म्हणून आला. नकाशावर त्याचं नाव मी घातलं नाही. उन्हात शेवटच्या चार फेऱ्या मारायला जो थांबतो, त्याचंही राहून जातं. बाकीचे तोवर पोह्यांकडे वळलेले असतात.

आणि नकाशा. तो ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्याच्या नावाने निघतो. माझंही तसंच झालं. खाली "मोजणी:" आणि पुढे माझं एकट्याचं नाव. जोडीदाराने ते शर्यतीच्या दिवशी फलकावर पाहिलं. काही बोलला नाही, पुढच्या वेळी फोन केला तर म्हणाला, "तूच मोज ना बावा, तुले येते." आता मी नकाशा काढण्याआधी, रस्त्यावरच वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो: सायकल एक कोण, सायकल दोन कोण, टेपची दोन टोकं कुणाकडे, गाड्या कोणी थांबवल्या, कोणाचा आकडा धरला. सगळ्यांच्या सह्या. ज्याची सही, त्याच्याकडे उद्या रस्ता आखूड निघाला तर उत्तर मागायचं, हे आधीच सांगतो. एक-दोघं तेव्हाच म्हणाले, "मग माझं नको लिहू." त्यांचं लिहिलं नाही.

नाव आधीच सुटलं असेल तर फोनवर दिलगिरी पुरत नाही. मी नकाशा नव्याने काढला, कमी आकडा धरून शेवटची रेघ अडीच मीटर पुढे सरकवली, खाली तिघांची नावं घातली आणि आयोजकांना जुना फाडायला लावला. नवीन प्रत घेऊन जोडीदाराच्या घरी गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते, तो वावरातच भेटला. नावाकडे त्याने पाहिलंच नाही. आधी रेघेचं माप वाचलं.