घन पदार्थांची घनता घरच्या घरी कशी मोजावी

बेळगाव परिसरातला काळा दगड, खानापूर तालुक्यातला जांभा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेला बिडाचा तुकडा, या वस्तू हातात घेऊन आपण जड-हलके ठरवतो, तेव्हा त्या निर्णयात तुकड्याचा लहानमोठेपणाही मिसळलेला असतो. पदार्थापदार्थांची खरी तुलना करायची असेल, तर एका घन सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम भरतात, म्हणजेच घनता किती, हे काढावे लागते. वजन काट्यावर कळते. अडचण असते ती वेड्यावाकड्या तुकड्याचे आकारमान काढण्याची.

त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, प्लास्टिकचे उभट भांडे आणि बारीक दोरा एवढे पुरते. प्रथम वस्तू स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून तिचे वजन लिहून ठेवावे. मग भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवावे आणि काटा शून्यावर आणावा. वस्तू बुडाल्यावर पाणी काठावरून सांडणार नाही, इतकी जागा वर मोकळी ठेवावी. आता वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत धरावी आणि काट्यावरचा आकडा वाचावा. हा आकडा म्हणजेच वस्तूचे घन सेंटिमीटरमधले आकारमान होय. कारण वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी वस्तूला वर ढकलते, तितक्याच जोराने वस्तू पाण्याला खाली दाबते, आणि एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम असते. आर्किमिडीजचे हे तत्त्व आपण शाळेत पाठ करतो. इथे ते काट्यावर प्रत्यक्ष दिसते.

वस्तू भांड्याच्या तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. ती तळाला टेकली, की तिचे वजनही काट्यावर येते आणि आकारमान भलतेच वाढलेले दिसते. हात हलत असेल तर दोरा काट्याबाहेर टेकवलेल्या काठीला बांधावा. वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाकावेत. तुकडाही शक्यतो मोठा घ्यावा: आकारमान 20 घन सेंटिमीटर असताना एका ग्रॅमची चूक पाच टक्के होते, 200 असताना ती अर्धा टक्काच राहते.

समजा, काळ्या दगडाचे वजन 580 ग्रॅम आणि बुडवल्यावरचा आकडा 200 आला, तर घनता 2.9 झाली. ॲल्युमिनियमची घनता 2.7 आहे, म्हणजे ज्या धातूला आपण हलका म्हणतो तो काळ्या दगडाच्या फार मागे नाही; दगडाच्या मानाने ॲल्युमिनियमचे पातेले हलके लागते ते त्याचा पत्रा पातळ असतो म्हणून. काचेची घनता साधारण 2.5, बिडाची 7.2 च्या आसपास, पितळेची सुमारे 8.5 आणि तांब्याची 8.96. बिडाच्या ओतीव तुकड्याची घनता 6.5 पर्यंत उतरली, तर आत पोकळी राहिली असल्याचा संशय घ्यावा.

जांभ्याला मात्र वेगळी काळजी लागते, कारण त्याच्या छिद्रांत पाणी शिरते. कोरडे वजन लिहून घेतल्यावर तो रात्रभर भिजत ठेवावा, वरचे पाणी ओल्या फडक्याने टिपावे, मग बुडवून आकारमान मोजावे आणि कोरड्या वजनाला त्याने भागावे. ही छिद्रांसकटची घनता होय. विटेसाठी आणि कौलासाठीही हीच रीत वापरावी. सागवानाचा तुकडा तरंगतो, म्हणून तो बारीक सुईच्या टोकाने पूर्ण बुडेपर्यंत दाबून धरावा आणि पाणी मुरण्याआधी आकडा वाचावा.

खडीसाखर किंवा खडेमीठ पाण्यात विरघळते. तिथे पाण्याऐवजी शेंगदाण्याचे तेल घ्यावे आणि काट्यावरच्या आकड्याला 0.91 ने भागून आकारमान काढावे. अशा रीतीने खडीसाखरेची घनता 1.6 च्या जवळपास यायला हवी.