लंग कॅन्सरच्या डेटात इम्यून सेल्स शोधताय? या चुका टाळा

टीसीजीएचा (ट्यूमरच्या जनुकीय माहितीचा खुला साठा) डेटा उतरवला, सीडी८ए (मारक टी सेल्सची खूण असलेला जीन) वाढलेलं दिसलं की "टी सेल्स ॲक्टिव्ह आहेत" असं लिहून मोकळे होतात बरेच जण, आणि सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. बल्क आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये (कुठला जीन किती चालू आहे ते मोजणं) ट्यूमरचा अख्खा तुकडाच कुटलेला असतो, त्यात कॅन्सरच्या पेशी, रक्तवाहिन्या, इम्यून सेल्स सगळं एकत्र, मग आकडा वाढला तो पेशी जास्त आल्या म्हणून की होत्या त्याच जास्त काम करतायत म्हणून, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. सीडी८ए फक्त हजेरी सांगतं. काम चाललंय का ते बघायचं तर ग्रॅन्झाइम बी, परफोरिन, इंटरफेरॉन गॅमा (टी सेल्स काम करताना बनवतात ती प्रथिनं) सोबत घ्या, आणि ग्रॅन्झाइम एनके सेल्ससुद्धा (दुसऱ्या मारक पेशी) बनवतात हेही लक्षात असू द्या.

पीडी-१ (टी सेलवरचा ब्रेक) जास्त म्हणजे टी सेल दमलेली, हेही घाईचं आहे. नुकत्याच जाग्या झालेल्या टी सेलवर पण पीडी-१ येतं. लॅग३, टिम३, टॉक्स या दमल्याच्या इतर खुणाही बरोबरीने चढलेत का ते बघा.

नॉर्मलशी तुलना करताना तर मी स्वतः फसलोय. मार्को आणि एफएबीपी४ हे मॅक्रोफेजचे जीन ट्यूमरमध्ये एकदम खाली दिसले आणि मी दोन दिवस "ट्यूमरने मॅक्रोफेज दाबले" हीच थिअरी रचत बसलो. अहो, निरोगी फुफ्फुसात अल्व्हिओलर मॅक्रोफेज भरपूरच असतात, श्वासातून आलेली धूळ न् जंतू खायला, त्यांच्या जागी कॅन्सरच्या पेशी भरल्या की त्यांचा वाटा आपोआप घटणार, कुणी कुणाला दाबलंच पाहिजे असं नाही.

सायबरसॉर्टला (बल्क डेटातून कुठल्या पेशी किती ते अंदाजणारं सॉफ्टवेअर) लॉगॅरिदम घेतलेले आकडे देऊ नका, साधे टीपीएम (जीनच्या आरएनएच्या प्रमाणाचं एकक) द्या. त्याचं उत्तर हे प्रमाण असतं, सगळ्यांची बेरीज १, म्हणजे बी सेल्स वाढल्या की टी सेल्सचा वाटा कमी दिसणारच, जरी त्या तेवढ्याच असल्या तरी.

ॲडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे लंग कॅन्सरचे दोन प्रकार एकत्र ढवळू नका. म्युटेशनही बघा, केआरएएस जीनसोबत एसटीके११ जीनही बिघडलेला असेल तर ट्यूमर बऱ्याचदा 'कोल्ड' (आत टी सेल्स कमी) असतो, आणि अशा पेशंटमध्ये पीडी-१ रोखणारी औषधं कमी चालतात हे २०१८ मध्येच दाखवलं गेलंय.

पीडी-एल१ (पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रथिन) चं कारण न् परिणाम उलटं वाचू नका. टी सेल्स इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्याला उत्तर म्हणून पीडी-एल१ चढतं, म्हणून ते जास्त असणं हे कधीकधी आत लढाई चालू असल्याचीच खूण असते. मॅक्रोफेजवर पण ते असतं, त्यामुळे बल्कमधला आकडा पॅथॉलॉजीच्या ५० टक्केवाल्या कटऑफशी जोडू नका, तिथे फक्त कॅन्सरच्या पेशी मोजतात.

आणि जीनची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. एमएचसी क्लास टू (टी सेल्सना परक्या प्रथिनांचे तुकडे दाखवणारं प्रथिन) खाली आणणारं मार्च१ तिथे थेट तारीख बनतं! २०२० मध्ये त्याचं नाव बदलून मार्चएफ१ केलंय, पण जुन्या फाइलींत जुनंच नाव असतं, तेव्हा नावाचा कॉलम टेक्स्ट म्हणूनच इम्पोर्ट करा.